साठीनंतरचे कर्तेपण

उतारवयात माणसाची शक्ती दोन कारणांनी कमी होते. एक वय, दुसरे म्हणजे अंगाला, बुद्धीला आणि जबाबदारीला मिळालेली सक्तीची विश्रांती. पहिल्या कारणावर फारसा इलाज नाही. दुसऱ्यावर आहे, आणि ‘आता वय झाले’ असे म्हणून जे सोडून दिले जाते त्याचा मोठा भाग या दुसऱ्या कारणातून आलेला असतो. म्हणून उतारवयातील कार्यशीलतेचा विचार करताना ही दोन कारणे आधी एकमेकांपासून वेगळी करावी लागतात.

हा विचार आज पूर्वीपेक्षा निकडीचा झाला आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आता ते ७० च्या घरात आहे. या वाढीचे बरेचसे श्रेय बालमृत्यू घटण्याला आहे, त्यामुळे पूर्वी म्हातारी माणसे नव्हतीच असे समजण्याचे कारण नाही. पण पूर्वी एखाद्याच कुटुंबात असणारे ऐंशीचे माणूस आता घरोघर दिसते. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या भारतीयांची संख्या १० कोटी ३८ लाख भरली. महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ दहा माणसे या वयाची होती. साठी गाठलेल्या भारतीयापुढे सरासरी आणखी १८ वर्षांचे आयुष्य असते. राज्य शासनाचा कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. जितकी वर्षे नोकरी केली त्याच्या निम्म्याहून अधिक काळ अजून त्याच्या हाताशी असतो. मुलांच्या शिक्षणाची, लग्नकार्याची, घराच्या हप्त्यांची तजवीज वर्षानुवर्षे आधी होते. या वीस वर्षांची तजवीज झाली तर पैशापुरती होते. दिवस कशात घालवायचा, कोणासाठी उठायचे, हा प्रश्न निरोपसमारंभाच्या दुसऱ्या सकाळी प्रथमच समोर येतो.

सुरुवात शरीरापासून केलेली बरी, कारण मनाच्या तारुण्याविषयी जे बोलले जाते त्यातले पुष्कळसे मांड्यांच्या स्नायूंवर अवलंबून असते. स्नायूंची झीज चाळिशीनंतर हळूहळू सुरू होते आणि साठीनंतर वेग धरते. ताकद तर स्नायूंच्या वजनापेक्षाही लवकर उतरते. काट्यावर हे कळत नाही, कारण गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेते आणि वजन तेवढेच राहते. कळते ते खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात तेव्हा, एसटीची पायरी उंच वाटू लागते तेव्हा, भाजीची पिशवी मधेच खाली ठेवावी लागते तेव्हा. या झिजेला सार्कोपेनिया हे स्वतंत्र नाव मिळाले १९८९ मध्ये. तोवर तिच्याकडे वयाचा स्वाभाविक परिणाम म्हणूनच पाहिले जाई आणि तिच्यावर उपाय शोधण्याची गरज कोणाला वाटत नसे.

झीज वयाने किती आणि न वापरल्याने किती, हे दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेत डॅलस येथे झाला. १९६६ मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले. तेवढ्यात त्यांची श्रम करण्याची क्षमता, म्हणजे जोराच्या श्रमात शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते ते माप, चौथाईहून अधिक घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले होते ते तरुणपणी तीन आठवडे पडून राहिल्याने झालेल्या नुकसानीपेक्षा कमी होते. सहा महिने चालण्या-धावण्याचा आणि सायकलचा नियमित सराव केल्यावर ती घटही भरून निघाली. साठीत झालेल्या तपासणीत मात्र उतार अधिक वेगाने वाढलेला आढळला. चाळीस वर्षांची एकूण घट आता त्या तीन आठवड्यांच्या घटीइतकी झाली होती. वय आपले काम करतेच. पण आजारी माणसाला माया म्हणून महिनाभर पलंगावरून खाली उतरू न देणाऱ्या घराने या प्रयोगाचा पहिला भाग लक्षात ठेवायला हवा. विशीतल्या शरीराची तीन आठवड्यांत ही दशा होते, तर पंचाहत्तरीतल्या शरीराचे काय होत असेल!

दुसरा पुरावा याहून धीर देणारा आहे. बोस्टनच्या एका शुश्रूषागृहात राहणाऱ्या, सरासरी नव्वदीच्या, दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा चांगला जोरकस व्यायाम दिला गेला. १९९० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यायाम पुरा करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती, मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी भरला होता, आणि दोघांची काठी सुटली होती. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने उतरली, हेही त्याच अभ्यासात नोंदले गेले. चार वर्षांनी त्याच संशोधकांनी शंभर वृद्धांवर हा प्रयोग मोठ्या प्रमाणात केला. त्यात व्यायामाचा लाभ पुन्हा दिसला. व्यायामाशिवाय नुसते पौष्टिक पेय दिलेल्यांच्या ताकदीत मात्र फरक पडला नाही. नव्वदीतला स्नायूसुद्धा कामाला प्रतिसाद देतो, ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही. खेदाची बाब ही की आपल्याकडे साठीच्या माणसाला आजही ‘जपून’, ‘हळू’, ‘वजन उचलू नका’ एवढेच सांगितले जाते.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरात व्यायाम वेगळा करावा लागत नसे. पाटावर जेवण, उकिडवे बसून भांडी घासणे, वाकून केर काढणे, सडा घालणे, विहिरीचे पाणी शेंदणे, दिवसातून वीसदा जमिनीवर बसणे आणि उठणे हे स्त्रीपुरुषांच्या अंगवळणी पडलेले होते. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या सुमारे दोन हजार माणसांना जमिनीवर बसून शक्यतो आधाराविना उठायला सांगितले गेले. ज्यांना हात, गुडघे टेकावे लागले त्यांच्यात पुढील काही वर्षांतले मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक निघाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली कसोटी आपल्या आजीला रोजच्या जेवणाच्या पंगतीत द्यावी लागत होती. जुन्या घरातल्या कष्टांचे गोडवे गाण्याची गरज नाही. त्या कष्टांनी बायकांची कंबर आणि गुडघे लवकर कामातून गेले, हेही तेवढेच खरे. ज्याचे गुडघे झिजले आहेत त्याने मांडी घालण्याचा हट्ट धरू नये. पण खुर्ची, कॉट, कमोड आणि जेवणाचे टेबल आल्यावर मांड्यांना मिळणारे काम पुरते बंद झाले, त्याच्या बदली दुसरे काही द्यायला हवे. हात न लावता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, क्षणभर एका पायावर उभे राहणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली करणे यासाठी व्यायामशाळा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढच्या माणसांसाठी सांगितलेले प्रमाण असे: आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचे श्रम, किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल व ताकद या दोन्हींवर भर देणाऱ्या हालचाली. हृदयविकार, मधुमेह किंवा सांध्यांचे दुखणे असेल त्याने डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. विचारून करायची आहे, विचारून टाळायची नाही.

यातल्या तोलाच्या भागाकडे सर्वांत दुर्लक्ष होते. म्हातारपणी एका पडण्याने आयुष्याची दिशा बदलते. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण, अंथरुणामुळे आणखी अशक्तपणा, आणि मग पुन्हा पडण्याची भीती. ही भीती हाडाइतकीच घातक असते, कारण तिच्यामुळे माणूस चालणेच कमी करतो. पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: ओली मोरी, सरकणारे पायपुसणे, रात्री लघवीला उठल्यावरचा अंधार, उंबरठा. काही वेळा झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताक्षणी चक्कर येते. मोरीत धरायला एक कडी, पलंगाजवळ हाताशी येणारे बटण, पायपुसण्याखाली रबर आणि गोळ्यांची एकदा डॉक्टरांकडून फेरतपासणी, एवढ्याने बरेच अपघात टळतात.

चालण्याची महती लोकांना पटलेली आहे. सकाळी कुठल्याही शहराच्या टेकडीवर किंवा मैदानावर ती दिसते. या श्रद्धेला शास्त्राचा पाया मिळाला तो लंडनच्या बसमध्ये. जेरी मॉरिस या डॉक्टरने १९५३ मध्ये दाखवून दिले की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो आणि झालाच तर सौम्य होतो. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले आणि नव्वदीनंतरही संशोधनात रमलेले होते. मात्र संथ फेरफटक्याने ताकद टिकत नाही. रोज तासभर चालणाऱ्या कितीतरी माणसांना जमिनीवरून उठता येत नाही. चालण्याच्या जोडीला वरचे व्यायाम हवेत.

आहाराचे थोडक्यात. स्नायू बांधायला प्रथिने लागतात आणि वयस्क शरीर ती तरुणाइतक्या सहजतेने वापरत नाही. म्हणून वजनाच्या दर किलोमागे दिवसाला किमान एक ग्रॅम प्रथिन असावे, असे तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. आपल्या घरात नेमके उलटे होते. दात गेले म्हणून उसळ सुटते, पचत नाही म्हणून डाळ पातळ होते, आणि रात्री ‘हलके’ म्हणून भाताची पेज किंवा चहा-खारी येते. मऊ शिजवलेले मूग, घट्ट वरण, दही, पनीर, अंडे, मासळी यांपैकी जे घरात चालते ते प्रत्येक जेवणात थोडे तरी असावे. कवळी नीट बसवून घेणे हासुद्धा आहाराचाच भाग आहे.

शरीर आणि मन यांच्या मधल्या उंबरठ्यावर डोळे आणि कान उभे असतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता सर्वांनी स्वीकारली आहे. कानांचे तसे नाही. चष्मा लावणारा माणूस विद्वान दिसतो आणि कानाला यंत्र लावणारा म्हातारा दिसतो, अशी समजूत असल्यामुळे यंत्र पाच-दहा वर्षे पुढे ढकलले जाते. ऐकू कमी येणारा माणूस आधी समारंभ टाळतो, मग फोन टाळतो, मग जेवणाच्या टेबलावरही गप्प बसू लागतो. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. त्याला तिऱ्हाइतासारखे वाटत असते, कारण संभाषण त्याच्यापर्यंत पोचतच नाही. स्मृतिभ्रंशाविषयीच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा कमी करता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली आणि ती सगळी दूर झाली तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असा अंदाज केला. कमी ऐकू येणे हे त्यांतले एक प्रमुख कारण आहे, आणि उपचार न झालेला दृष्टिदोषही त्या यादीत आहे. साठीनंतर दरवर्षी रक्तातली साखर तपासणाऱ्या माणसाने कानही तपासून घ्यावेत.

बुद्धीविषयीचा एक लक्षणीय अभ्यास १९८६ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. ७५ वर्षांवरच्या ६७८ ख्रिस्ती जोगिणींनी त्यात भाग घेतला, दरवर्षी चाचण्या दिल्या आणि मरणोत्तर आपले मेंदू संशोधनासाठी दिले. बहुतेकींचे राहणे, खाणे, काम सारखेच असल्यामुळे तुलना सोपी झाली. त्यांच्यातली एक १०१ व्या वर्षी वारली. शेवटपर्यंत तिची बुद्धी तल्लख होती. मेंदू तपासला तेव्हा मात्र त्यात अल्झायमरच्या विकाराच्या ठळक खुणा सापडल्या. विकार असूनही मेंदू काम चालवून नेऊ शकतो, यासाठी त्याच्यापाशी साठा असावा लागतो. हा साठा शिक्षणातून, वाचनातून, गुंतागुंतीच्या कामातून आणि माणसांतल्या वावरातून तयार होतो. तरुणपणी त्याची बेगमी अधिक होते, पण उतारवयातही ती थांबत नाही. येथे नवेपणाला महत्त्व आहे. पन्नास वर्षे केलेली पूजा किंवा रोजचे तेच शब्दकोडे मनाला शांतता देईल. मेंदूला कष्ट पडतात ते मोडी वाचायला शिकताना, पेटीवर बोटे बसवताना, मोबाइलवरून वीजबिल भरताना.

स्वतःच्या वयाविषयी माणूस काय समजतो, याचाही परिणाम होतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका लहान गावी पन्नाशीपुढच्या ६६० जणांना वार्धक्याविषयीची त्यांची मते १९७५ मध्ये विचारली गेली होती. पुढे त्यांच्या मृत्यूच्या नोंदी पाहून बेका लेव्ही या संशोधिकेने २००२ मध्ये दाखवले की वाढत्या वयाकडे चांगल्या दृष्टीने पाहणारी माणसे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगली. प्रकृती आणि आर्थिक स्थिती यांतला फरक हिशेबात घेऊनही हे अंतर टिकले. पण अशी दृष्टी नुसते ठरवून येत नाही. ती कशातून येते हे पाहायला महाराष्ट्रातच काही उत्तम उदाहरणे आहेत.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. फर्ग्युसन महाविद्यालयातून गणिताचे अध्यापक म्हणून ते १९१४ मध्ये निवृत्त झाले. तोपर्यंत विधवाविवाह, अनाथ बालिकाश्रम, हिंगण्याची संस्था, महिला विद्यालय, निष्काम कर्ममठ ही एका आयुष्याला पुरेल इतकी कामे झाली होती. आश्रम नुकताच हिंगण्याला गेला तेव्हा महाविद्यालयातले तास संपवून ते पुण्याहून तिथवर पायी जात. जपानमधल्या महिला विद्यापीठाविषयीची पुस्तिका हाती पडल्यावर त्यांनी १९१६ मध्ये भारतात महिलांचे विद्यापीठ काढले, तेव्हा त्यांचे वय ५८ होते. आज ज्या वयाला शासन शाल-श्रीफळ देते तेच. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांच्या देणगीने विद्यापीठ स्थिरावले. त्यानंतर कर्वे स्वस्थ बसले असते तरी कोणी नाव ठेवले नसते.

मार्च १९२९ मध्ये, एकाहत्तरी गाठायच्या महिनाभर आधी, ते बोटीने इंग्लंडला निघाले. माल्व्हर्नची शिक्षक परिषद, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमधले व्याख्यान, जिनीव्हा आणि डेन्मार्कमधले एल्सिनोर येथील शिक्षणपरिषदा, मग अमेरिका, आणि शेवटी ज्या विद्यापीठावरून कल्पना सुचली ते टोकियोतले महिला विद्यापीठ पाहून एप्रिल १९३० मध्ये ते परतले. आठ महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, पुन्हा निघाले ते आफ्रिकेला. मोम्बासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असा तो सुमारे सव्वा वर्षाचा दौरा होता. वक्तृत्वाची देणगी त्यांच्यापाशी नव्हती; स्वभाव बुजरा होता. तरी विद्यापीठाला निधी हवा होता म्हणून ते देशोदेशी उभे राहून बोलले. ७८ व्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ स्थापले. ८६ व्या वर्षी, १९४४ मध्ये, समता संघ. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न त्यांना मिळाले. त्याच वर्षी त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षे पुरी करून, ते गेले.

कर्व्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय पुष्कळदा साध्या आहाराला आणि नियमितपणाला दिले जाते. ते वाटेकरी आहेतच. पण त्यांच्या उत्तरायुष्याचा क्रम पाहिला तर दुसरी गोष्ट अधिक उठून दिसते. त्यांचे काम कधी पुरे झाले नाही, कारण एक काम मार्गी लागले की ते दुसऱ्यांच्या स्वाधीन करून पुढचे, बहुधा अधिक व्यापक, काम त्यांनी घेतले. विधवांपासून सगळ्या स्त्रियांपर्यंत, स्त्रियांपासून खेड्यातल्या मुलांपर्यंत, तेथून जातिभेदाविरुद्धच्या समतेपर्यंत. संस्था सोडता येणे हे उतारवयातले फार अवघड कौशल्य आहे. अध्यक्षाच्या खुर्चीला चिकटून राहिलेला माणूसही दिवसभर व्यग्र असतो. पण त्याच्या व्यग्रतेने त्याच्याही वाढीला खीळ बसते आणि संस्थेच्याही.

दुसऱ्या प्रकारचे उदाहरण इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे. बडोदा संस्थानच्या नोकरीतून १९२५ मध्ये साठीला मोकळे झाल्यावर ते कामशेतला राहू लागले. पुत्रवियोगाचे दुःख सोबत होते. १९२९ मध्ये पुण्याच्या पेशवे दप्तरातले हजारो रुमाल तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३४ पर्यंत छापून झाले. त्यांनी इंग्रजीत लिहिलेला मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत १९४६ ते १९४८ या काळात प्रसिद्ध झाला, तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. हे काम बसून करण्याचे होते, त्यात प्रवास किंवा सभा फारशा नव्हत्या. ज्यांचा पिंड एकांताचा आहे त्यांना ‘माणसांत मिसळा’ असा सरसकट सल्ला देणाऱ्यांनी सरदेसायांकडे पाहावे. तेही एकटे नव्हते. इतिहासकार जदुनाथ सरकारांशी त्यांचा सहकार आणि पत्रव्यवहार दशकानुदशके चालला. तोलामोलाचा एक मित्र पुष्कळ गर्दीचे काम करतो.

तिसरे उदाहरण ताराबाई मोडक यांचे. बालशिक्षणाचे काम शहरात रुजल्यावर १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ मध्ये, पासष्टीत, कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी नव्याने काम मांडायला. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. पेन्शनीच्या वयात वीज-पाण्याची सोय असलेल्या शहराकडे जाण्याची रीत असताना त्या उलट दिशेने गेल्या. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी हे काम पुढे नेलेच, शिवाय १९८२ मध्ये, ७२ व्या वर्षी, ग्राममंगल या नव्या संस्थेच्या स्थापनेत भाग घेतला.

तिघांच्याही कामाची कोणीतरी वाट पाहत होते. संस्थेतल्या लोकांचा पुढच्या महिन्याचा पगार, छापखान्याला द्यायचा मजकूर, अंगणात जमलेली पोरे. उतारवयातल्या छंदात आणि उतारवयातल्या कामात हा फरक असतो. छंद चुकला तर कोणाचे अडत नाही. सामान्य माणसाला विद्यापीठ काढायचे नसते, पण त्याच्यावाचून थोडे अडेल असे काही त्याच्या हाती राहणे शक्य असते: सोसायटीचे हिशेब, नातवाला शाळेतून आणणे, शेजारच्या मुलीचे गणित, गावच्या वाचनालयात आठवड्यातले दोन दिवस.

घरात नेमके हेच काढून घेतले जाते, आणि तेही प्रेमाने. ‘आता तुम्ही काही करू नका, बसा निवांत’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात माया असते. बँकेचे काम मुलगा करतो, दळण सून आणते, औषधे घरपोच येतात. सहा महिन्यांत माणसाला तारीख कळेनाशी होते. या बाबतीत पुरुष आणि स्त्रिया यांची स्थिती सारखी नाही. पुरुषाचे काम एका दिवसात संपते आणि घरात आपली जागा कुठली हे त्याला उमगत नाही. त्याच्या चिडचिडीचे मूळ बहुधा येथे असते. बाईला निवृत्ती नसतेच. सत्तरीतही स्वयंपाकघर तिचेच असते आणि नातवंडेही. तिचे हातपाय चालू राहतात हा फायदा. पण ते काम तिने निवडलेले नसते, आणि स्वतःची मैत्रीण, स्वतःचा प्रवास, स्वतःचे वाचन तिच्या वाट्याला आलेले नसते. निवृत्त नवऱ्याने कुकर लावायला शिकणे हे दोघांच्याही प्रकृतीला हितकारक आहे.

कार्यशील वार्धक्याविषयीचे बरेचसे लेखन पेन्शनदार मध्यमवर्गाला समोर ठेवून होते. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा परक्याच्या शेतात राबलेल्या माणसाचे शरीर पन्नाशीतच थकलेले असते, आणि सत्तरीतही तो काम करतो ते पोटासाठी. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत पासष्टीपुढच्या निराधारांना मिळणारी रक्कम २०२३ मध्ये वाढून महिन्याला १,५०० रुपये झाली. त्यात आजच्या भावाने महिना निभत नाही. अशा माणसाला आधी विसावा हवा, औषध हवे, आणि पुरेशी पेन्शन हवी. त्याला व्यायामाचे महत्त्व सांगणे हा त्याचा अपमान आहे.

शहरांतून आणि तालुक्यांच्या गावांतून ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे महाराष्ट्रात चांगले पसरले आहे, आणि त्यांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघही आहे. विरंगुळा केंद्रे, नाना-नानी पार्क, १३ मार्च १९९५ ला मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांना घेऊन सुरू केलेला आणि पुढे जगभर गेलेला हास्यक्लब, यांनी लाखो माणसांना सकाळी घराबाहेर पडायला कारण दिले. एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या प्रवाशांना मोफत प्रवास दिला, त्याचा परिणाम कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठा झाला असेल. ज्या आजीला माहेरच्या गावी जायला मुलापुढे हात पसरावा लागे ती आता कोणाला न विचारता निघते. संघांच्या कार्यक्रमात वाढदिवस, सहली आणि व्याख्याने यांचा भरणा फार असतो. निवृत्त शिक्षक, परिचारिका, अभियंते, हिशेबनीस यांचा केवढा साठा तेथे जमलेला असतो! पालिकेच्या शाळा, सरकारी दवाखाने आणि ग्रंथालये यांच्याशी या संघांची गाठ घालून दिली तर दोन्ही बाजूंची गरज भागेल. पालिकांनी करण्यासारखे त्याहून साधे आहे: अखंड पदपथ, दर दोनशे पावलांवर बसायला बाक, आणि स्वच्छ सार्वजनिक स्वच्छतागृह. लघवीच्या भीतीने घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांची, विशेषतः स्त्रियांची संख्या मोठी आहे, आणि ही गोष्ट सभेत कोणी बोलत नाही.

‘आनंदी राहा’ या उपदेशालाही मर्यादा आहे. उतारवयातले नैराश्य हा आजार आहे. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, आवडत्या गोष्टींत मन न रमणे, ‘आता कशाला जगायचे’ असे वारंवार म्हणणे ही त्याची लक्षणे. जोडीदार गेल्यानंतर ती महिनोन्‌महिने टिकली तर डॉक्टरांकडे जायला हवे. औषधांनी आणि बोलण्याच्या उपचारांनी ते बरे होऊ शकते. अशा माणसाला हसण्याचा आग्रह केला तर तो आपल्याच दुःखाबद्दल स्वतःला अपराधी मानू लागतो.

आणि ज्याचे चालणे-फिरणे कायमचे थांबले आहे त्याचे काय, हा प्रश्न उरतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात एका शुश्रूषागृहात १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका मजल्यावरच्या वृद्धांना आपापल्या खोलीची मांडणी, सिनेमाचा दिवस यांचे निर्णय स्वतः घ्यायला सांगितले आणि प्रत्येकाला सांभाळायला एक रोप दिले. दुसऱ्या मजल्यावर रोपे दिली, पण पाणी घालायचे ते परिचारिकांनी. पहिल्या मजल्यावरची माणसे काही आठवड्यांत अधिक सावध, अधिक बोलकी आणि अधिक समाधानी झाली. घरी झोपून असलेल्या आजोबांना हे सगळे देता येते. अंघोळ आधी की चहा आधी, खिडकी उघडी की बंद, आज भाजी कोणती, दिवाळीला कोणाला काय द्यायचे, हे त्यांना विचारून ठरवता येते. शक्य असेल तर दिवसातून दोनदा त्यांना उठवून खुर्चीत बसवावे, घास त्यांच्या हाताने घेऊ द्यावा, जेवायला दुप्पट वेळ लागला तरी. फिजिओथेरपिस्ट अंथरुणातही करता येतील असे हातापायांचे व्यायाम शिकवतात, आणि घरच्या माणसाला ते एकदोन वेळात जमतात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसालाही शेंगा सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे, ओळखीची ओवी ऐकवली तर तिच्यात सूर मिसळणे पुष्कळ काळ जमते. घड्या वेड्यावाकड्या पडल्या तर त्या त्यांच्यासमोर पुन्हा घालू नयेत.